सात मिनिटांचं भजन

नाना गेले आणि एका युगाचा अंत झाला. हे वाक्य माझं नाही. धुळ्याच्या शोकसभेत एका वक्त्यांनी ते म्हटलं, आणि कोणतं युग ते सांगण्याआधीच त्यांना पुढच्या कार्यक्रमाला निघावं लागलं. पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्यांचे नकाशे काढलेल्या माणसाच्या नावावर युग कसं निघालं, हे मला अजून कळलेलं नाही. स्वतः नाना अशा सभांत मागच्या रांगेत बसायचे आणि युग संपलं की शेजाऱ्याला हळूच विचारायचे, "सुरू कधी झालं होतं?"

बातमी मला जळगावला सकाळच्या चहाच्या वेळी कळली. अक्कांचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा, फोन होता. "भाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी चहा तसाच ठेवून धुळ्याची बस धरली.

मी खात्यात नानांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम सांगितला. नकाशा चुकला तर एका वेळी एकच रेघ बदलायची, आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. दोन रेघा एकदम बदलणाऱ्याला शेवटी कोणती चुकली होती ते कधीच कळत नाही. निवृत्तीनंतर नकाशे गेले, वही राहिली. अक्कांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना बसमध्ये बसवेना, तेव्हा त्या वहीला नवीन काम मिळालं.

अक्कांचं माहेर शिंदखेड्याच्या पुढचं एक गाव. तिथल्या मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी भजन होतं आणि त्यांचे थोरले भाऊ, आबा, पेटी वाजवतात. गावातल्या तरुणांनी मोबाइल लावून ते भजन इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. नानांनी अडगळीतला जुना संगणक काढला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, रोजचं भजन आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय केली आणि तो टीव्हीला जोडला. नाना देव मानत नसत. मी चिडवलं तर म्हणाले, "तिला तरी देव कुठं बघायचाय? भाऊ बघायचाय."

अडचण अशी की भाऊ दिसेना. रोज सात मिनिटं सतरंजी दिसायची, माणसं येऊन बसायची, आबा पेटी उघडायचे, आणि चित्र थिजायचं. पडद्यावर चाक फिरत राहायचं. नानांनी वही उघडली. केबल बदलली: फरक नाही. राउटर बदलला: फरक नाही. चित्र आधी जास्त साठवून मग दाखवायचं ठरवलं: चाक जरा उशिरा फिरू लागलं. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम बदलला, मग अख्खं लिनक्स बदललं. त्या प्रयत्नात आवाज चित्राच्या दोन सेकंद मागे पडला, तोही वहीत नोंदला गेला. असे नऊ महिने गेले. गाव धुळ्याहून दीड तासावर होतं. पण तिथं फोन करून विचारणं नानांना नकाशा न तपासता कालवा खणण्यासारखं वाटत असावं.

मी एकदा धुळ्याला गेलो तेव्हा नानांनी मला ओळीनं पाच दिवसांची रेकॉर्डिंग दाखवली. "शेवटी काय होतं ते बघ." प्रत्येकात शेवटी एकच गोष्ट होत होती. आबा उठून डावीकडे भिंतीशी जायचे, आणि चित्र जायचं.

"बिघाड तुझा भाऊ आहे," नाना अक्कांना म्हणाले.

अक्का माहेरच्या बोलीत गेल्या की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "तुम्हनं मशीन खोटं शे," त्या म्हणाल्या. "मना भाऊ खरा शे." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी पाहुणा असून मला वेगळी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी नाना एक्स्टेंशन बोर्ड पिशवीत घालून शिंदखेड्याच्या बसमध्ये बसले. देवळात विजेचं सॉकेट एकच होतं. भजन सुरू करताना आबा वायफायचा प्लग काढून तिथं लाउडस्पीकरचा लावत. कुणाची तक्रार नव्हती, कारण अख्खं गाव देवळातच बसलेलं असायचं. बाहेरून बघणारं माणूस एकच होतं, आणि ते आबांची सख्खी बहीण होतं. नाना बोर्ड लावून परत आले आणि पुढं कित्येकदा मला सांगत राहिले, "एका फेरीत काम झालं."

दिवसकार्य झाल्यावर अक्कांचा पुन्हा फोन आला. "भाऊ, मशीन बंद पडलंय. वही इथंच आहे. मी हात लावला नाही." मी धुळ्याला गेलो. पडद्यावर डिस्क भरल्याची सूचना होती. वहीच्या शेवटच्या पानावर नानांच्या आखीव अक्षरात लिहिलं होतं: डिस्क भरली की जुनं पुसावं. पहिलं सोडून.

पुसण्याआधी मी अक्कांसमोर ते पहिलं लावलं. बोर्ड लावला त्या दिवसाचं होतं; त्याआधीची सात-सात मिनिटांची नानांनी कधीच पुसली होती. सतरंजी, माणसं, आबा. मग डावीकडून नाना आत आले, देवाकडे पाठ करून भिंतीशी वाकले, चित्र जरा थिजून पुन्हा सुरू झालं, आणि ते बराच वेळ खाटखूट करत राहिले. उठून आबांकडे बघत त्यांनी तोंड हलवलं आणि ते चौकटीबाहेर गेले. नाना दिसेनासे झाल्यावर त्यांचा आवाज आला: "आता याला हात लावू नका, आबा."

दोन सेकंद मागे पडलेला आवाज जुळवून देतो, असं मी म्हणालो. कसं ते वहीत होतं. अक्का पडद्याकडे बघत होत्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "जरा मागं राहतो, तर राहू दे..."

मग मी वहीप्रमाणे बाकीचं पुसलं. त्याआधी बोर्ड लावल्याच्या दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंगही एकदा लावून पाहिलं. ते सात मिनिटांचं होतं. म्हणजे नानांच्या फेऱ्या दोन तरी झाल्या होत्या.