लंकाबाईंच्या जास्वंदीची तंबाखू

लंकाबाईंची आणि आमची गॅलरी एकच. मध्ये कमरेएवढी भिंत आहे, ती मला चहाचा कप ठेवायला बरी पडते. इंदिरानगरात राहायला आल्यापासून माझा सकाळचा चहा तिथेच होतो, आणि बातम्याही तिथेच मिळतात.

लंकाबाई मूळ मखमलाबादच्या. वडील वांगी आणि गुलाब लावायचे. लग्नानंतर मळा सुटला, म्हणून त्यांनी गॅलरीत पाच कुंड्यांत लाल जास्वंद लावली.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यांची सून दीपमाला बाळंतपणात अडली. तेव्हा लंकाबाई गणपतीला बोलल्या, सुटका नीट होऊ दे, चैत्रातल्या संकष्टीला घरच्या झाडाची एकवीस फुलं वाहीन. नात झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. आल्या आल्या दीपमालाने सांगून टाकलं, "आई, मशेरीचा वास आला तर बाळ मांडीवर मिळणार नाही."

लंकाबाईंनी त्याच दिवशी मशेरी सोडली. म्हणजे, तसं सांगितलं. सून बाळाला डोस द्यायला गेली, की भिंतीपलीकडून तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास यायचा. मी एकदाच विचारलं, "आज पापड करपले वाटतं?"

संकष्टी तीन आठवड्यांवर आली आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. कळ्यांच्या देठाशी कापूस चिकटवल्यासारखा. कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. मुलगा मनोज औषधाची बाटली घेऊन आला, ती लंकाबाईंनी उघडलीसुद्धा नाही. विष मारलेलं फूल देवाच्या डोक्यावर कसं ठेवायचं? जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन त्या एकेक देठ घासत बसल्या. चार दिवसांत कापूस पुन्हा हजर, सोबत मुंग्यांची रांग.

"विकतची वाहा हो," मी म्हटलं.

"घरची बोललेय मी, मोहिनी. तो काय विसरणारे?"

"तुमचे वडील काय मारायचे?"

"तंबाखूचं पाणी."

"मग मारा की."

"घरात तंबाखू कुठाय?"

मी चहाचा घोट घेतला. "हो की. तुम्ही तर सोडलीत."

दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या डब्यातून अख्खी पुडी बाहेर आली. लंकाबाईंनी ती सुनेसमोरच पातेल्यात ओतली. "एवढीच होती. आता बाळ देऊ नकोस हवं तर."

दीपमालाने पदर नाकाला लावला, गळालेल्या कळ्यांकडे पाहिलं आणि पोर सासूच्या मांडीवर ठेवली. "धरा हिला. पाणी मी उकळून गाळते, तुमचे हात नको त्याला."

थोडा साबण घालून दर चार दिवसांनी फवारणी झाली. कुंड्या विटांवर चढवून विटा पाण्याच्या परातींत ठेवल्या, मुंग्यांची वाट बंद. संकष्टीच्या सकाळी अठरा फुलं उमलली. तीन कळ्या मिटलेल्याच. लंकाबाईंनी त्याही वाहिल्या. "ही तीन तुझी तू उमलव," असं त्या गणपतीला सांगताना मी स्वतः ऐकलं.

आता नात दुसरीत आहे. जास्वंदीवर किडा औषधालाही सापडत नाही, तरी दर महिन्याच्या किराणा यादीत लंकाबाई न लाजता लिहितात, तंबाखू, झाडांसाठी. आणि पुडी महिनाअखेरीस संपते.

"झाडांना फार लागते गं," त्या परवा म्हणाल्या.

"भाजून लागते का?"

त्यांनी भिंतीवरचा माझा चहा उचलला आणि शांतपणे पिऊन टाकला.