माग्नसचं मागचं चाक

व्हिटस लॉखबिलरला गावात कुणी व्हिटस म्हणत नसे. म्हणत, 'माग्नसचं मागचं चाक'. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. जन्मभर चीझच्या कारखान्यात राबलेला, नाकासमोर चालणारा माणूस. थोरला भाऊ माग्नस पुढे आणि हा मागे, हे शाळेत असल्यापासून ठरून गेलेलं होतं. दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की दोघं सायकली बाहेर काढत आणि जेवणाच्या वेळेला परत येत. सुटी फक्त बर्फ पडला तर.

चाळीस-पन्नास वर्षं एखादा माणूस दुसऱ्याच्या मागे सायकल चालवतो, तेव्हा त्याला काय दिसतं? टेकड्या दिसत नाहीत, तळी दिसत नाहीत. भावाची पाठ दिसते. म्युनिकहून येणारी मंडळी होप्फेन तळ्यापाशी थांबून पाण्यात उलटे पडलेले डोंगर बघत तोंड वासून उभी राहतात. व्हिटस त्या तळ्यावरून किती वेळा गेला असेल त्याची गणती नाही, पण तळं आलं हे त्याला कळायचं ते वाऱ्याने माग्नसचा डावा खांदा जरासा आत वळायचा त्यावरून. चढ आला की पाठ डोलायला लागायची. उतार आला की वाकायची. एवढ्यावर त्याचं भागत होतं आणि तो सुखी होता, हे मी खात्रीने सांगतो.

वाट माग्नसने शोधलेली. ती कुठल्याच नकाशावर नाही. दुधाच्या गाड्यांसाठी केलेले अरुंद रस्ते त्याने एकमेकांत असे जोडून घेतले होते की कधी कुणाच्या गोठ्यामागून जावं लागे, कधी कुरणाचं फाटक उघडून परत लावावं लागे, पण मोठा रस्ता म्हणून लागत नसे. फक्त एका ठिकाणी लागे. लाकडाच्या गिरणीपाशी खोऱ्यातला हमरस्ता ओलांडावा लागायचा. वरून चांगला उतार, एका बाजूला गिरणीची भिंत, दुसरीकडे दाट झुडपं. अगदी तोंडाशी येईपर्यंत काही म्हणता काही दिसत नाही.

अशा जागी आमच्याकडच्या सायकलवाल्यांची एक रीत आहे. पुढचा बघतो आणि ओरडतो, 'मोकळं!' मागचा बघत नाही. तो चाकाला चाक लावून निघून जातो. मागच्याने मान वळवून स्वतः खात्री करून घेतली, तर तो पुढच्याचा अपमान झाला असं मानतात. एवढ्यावरून दोस्त्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. माग्नसचं 'मोकळं' मोठं कंटाळल्यासारखं यायचं, शेवट तोंडातच गिळलेला. त्या एका शब्दावर व्हिटसने जन्मभर डोळे झाकून हमरस्ता ओलांडला.

मे महिन्यातल्या एका रविवारी माग्नस गिरणीपाशी 'मोकळं' म्हणाला, रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या चढावर त्याची पाठ भलतीकडेच डोलायला लागली. तो उतरला. सायकल नीट कुंपणाला टेकवली, पिवळ्या फुलांत बसला, आणि व्हिटसने पाण्याची बाटली काढेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. व्हिटसने त्याचा ऐकलेला शेवटचा शब्द तो, मोकळं.

उन्हाळाभर व्हिटसने सायकलला हात लावला नाही. उन्हाळ्याची चराई संपवून गुरं डोंगरावरून खाली आली, कुरणं रिकामी झाली, तेव्हा एका रविवारी तो एकटाच निघाला. समोर पाठ नाही. रस्ता इतका रुंद आणि उघडा असतो हे त्याला माहीतच नव्हतं. गिरणीच्या उताराला त्याने ब्रेकवर बोटं ठेवली आणि पुढून, दहा हातांवरून, आवाज आला. 'मोकळं.' तसाच, शेवट गिळलेला. व्हिटसची बोटं आपोआप सुटली आणि तो पलीकडे गेला.

त्यानंतर दर रविवारी. व्हिटसला भीती वाटली नाही. त्याला बरं वाटलं. एकदा मात्र उताराला काहीच ऐकू आलं नाही. त्याने करकचून ब्रेक दाबले, आणि दुधाने भरलेला ट्रक नाकासमोरून धडधडत गेला. त्या दिवशी घरी येऊन त्याने बायकोला, बुर्गलला, सगळं सांगितलं.

बुर्गल बेकरीच्या गल्ल्यावर बसून साऱ्या गावाला सरळ करणारी बाई. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ट्रकचा आवाज ऐकलास तू. गाढवालाही ऐकू आला असता."

"आला नव्हता. माग्नस गप्प होता, म्हणून थांबलो."

"माग्नस जन्मभर गप्पच होता. मेल्यावर कुठून तोंड फुटलं त्याला?"

ती थट्टेवारी नेत होती, पण ते वरवरचं. दर रविवारी तो परत येईपर्यंत ती खिडकीतून हलेनाशी झाली. आणि दुसऱ्या वर्षी व्हिटसने तिला आणखी एक गोष्ट सांगितली, ती सांगितली नसती तर बरं झालं असतं. आवाज जवळ येत चालला होता. पहिल्यांदा दहा हात पुढून यायचा. मग हँडलपाशी आला. आता खांद्याला लागून यायचा, आणि त्यासोबत गालाला ऊब लागायची.

बुर्गल हातातलं फडकं खाली ठेवून बसली. "व्हिटस, तो तुला रस्ता सांगत नाहीये," ती म्हणाली. "तो तुला बोलावतोय. एकटा पडलाय तिकडे. एक दिवस म्हणेल मोकळं, आणि नसेल."

"माग्नस असं करणार नाही."

"जिवंत माग्नस नाही करणार. तो जिवंत आहे का?"

व्हिटस उठून सायकलच्या साखळीला तेल घालायला गेला. पण ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं. तरीही त्याने रविवार सोडला नाही आणि रस्त्याकडे बघायलाही सुरुवात केली नाही. बघायचं म्हणजे भावाला खोटं ठरवायचं. त्यापेक्षा मेलो तरी चालेल, असं त्याला खरोखर वाटत होतं.

अशात माग्नसची मुलगी आली. आफ्रा लहान असतानाच तिची आई तिला घेऊन आउग्सबुर्गला निघून गेली होती. बाप तिच्या वाट्याला सुट्टीपुरता आला, तोही मुलखाचा मितभाषी. आता ती तिशीची, वागायला मोकळीढाकळी. बापाच्या वर्षदिनाची प्रार्थना झाली आणि जेवणाच्या टेबलावर तिने सरळच विचारलं, "काका, बाबांची ती वाट मला दाखवशील? गावात विचारलं, तर सगळे म्हणतात ती फक्त मागच्या चाकाला ठाऊक आहे."

व्हिटस हसला. बुर्गल हसली नाही. आफ्रा अंगणात सायकलच्या चाकात हवा भरायला गेली तशी ती नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुझं तू बघ. तुला मरायचंय तर मर, मी काळी वस्त्रं शिवून ठेवते. पण पोर तुझ्या चाकामागे येणार आहे. रीत तिलाही ठाऊक आहे. तू म्हणशील मोकळं, आणि ती बघणार नाही."

"तिचा बाप आहे तो, बुर्गल. तो तिला..."

"तेच म्हणतेय मी. तिचा बाप आहे. तुझ्यापेक्षा तिचीच ओढ असेल त्याला. लहान होती तेव्हा मिळाली नाही त्याला ती."

व्हिटसचा चेहरा पांढरा पडला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. "बघीन," तो म्हणाला. "थांबून बघीन."

दोघं निघाली. जन्मात पहिल्यांदा व्हिटस कुणाच्या तरी पुढे होता. पाठीशी आफ्राच्या साखळीची बारीक किरकिर, आणि मधून मधून तिचे प्रश्न. हे तळं कुठलं? बाबा इथे थांबायचे? त्याला एकाचंही धड उत्तर देता येईना. "तुझे बाबा इथे जरा डावीकडे झुकायचे," एवढंच तो सांगू शकला. ती हसली आणि तिथे आली तेव्हा आपणही डावीकडे झुकली. व्हिटसने ते मान वळवून पाहिलं, आणि त्याला भरून आलं.

मग गिरणीचा उतार लागला. सायकली आपसूक पळायला लागल्या. व्हिटसने बोटं ब्रेकवर घट्ट आवळली, आणि आवाज आला. पुढून नाही, खांद्याशी नाही. थेट कानात.

'मोकळं.'

आणि लगेच पुन्हा, 'मोकळं.' दोनदा माग्नस कधीच म्हणाला नव्हता. जिवंत असतानाही नाही, मेल्यावरही नाही. त्या दुसऱ्या शब्दात कंटाळा नव्हता, घाई होती. व्हिटसच्या अंगावर सरसरून काटा आला. बायकोचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवलं. मागच्याला थांबवायचं तर पुढच्याने हात वर करायचा असतो. त्याचा हात जन्मात कधी वर झाला नव्हता, पण तो झाला, आणि "थांब" असं तो इतक्या मोठ्याने ओरडला की गिरणीच्या छपरावरची कबुतरं उडाली. दोन्ही सायकली रस्त्याच्या तोंडाशी करकरत थांबल्या.

व्हिटसने डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे पाहिलं.

हमरस्ता रिकामा होता. इकडच्या वळणापासून तिकडच्या वळणापर्यंत चिटपाखरू नव्हतं. तो वाट बघत राहिला. एखादा ट्रक येऊ दे, ट्रॅक्टर येऊ दे, काहीतरी येऊ दे. काहीच आलं नाही. गिरणी रविवारची बंद होती, गवतात किडे किरकिरत होते, बाकी सगळं शांत.

"काका, काय झालं?" आफ्राने विचारलं. "कुणीच तर नाही."

"काही नाही," व्हिटस म्हणाला. "चल."

उरलेल्या वाटेवर जितके फाटे आले तितक्या ठिकाणी त्याने कान देऊन ऐकलं. त्याच्या श्वासाखेरीज आणि पोरीच्या साखळीखेरीज काही नव्हतं. चढावरच्या, बाबा गेले ती जागा म्हणून त्याने दाखवलेल्या, पिवळ्या फुलांच्या कुंपणापाशी ती उतरली, तारेला हात लावून थोडा वेळ उभी राहिली, आणि डोळे पुसून म्हणाली, "छान वाट आहे."

घरी बुर्गल खिडकीतच होती. दोघांना धडधाकट पाहून तिचा जीव भांड्यात पडला. आफ्रा हात धुवायला गेली तशी ती कांदा-चीझचं गरम पातेलं टेबलावर ठेवत हळूच म्हणाली, "थांबलास?"

"थांबलो."

"बोलला तो?"

"दोनदा."

"आणि बघितलंस?"

"बघितलं."

"देवा," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात वाढायला लागली. "काय येत होतं? ट्रक?"

व्हिटसने ताट बाजूला सारलं. त्याचे ओठ हलायला लागले, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. भावाच्या मयतीलाही तो रडला नव्हता.

"रस्ता मोकळा होता, बुर्गल," तो म्हणाला. "तो खरं सांगत होता. त्याच्या पोरीसमोर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही."

ती डाव हातात धरून तशीच उभी राहिली. आतून आफ्राने हाक मारून टॉवेल कुठे आहे असं विचारलं, आणि दोघांपैकी कुणालाच तिला सांगता येईना.