थांबाबाई आणि माझी गाठ

काहीही विचारा, आमच्या थांबाबाईंचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं: "थांबा." आमटीत मीठ बरोबर आहे का? थांबा, भाताबरोबर खाऊन सांगते. उद्या ईदची सुट्टी का? थांबा, चंद्र तर दिसू दे. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि सौदीतल्या हुफूफच्या आम्हा मोजक्या मराठी घरांत ते इतकं रुळलं की आमंत्रणावर त्यांचं खरं नाव घालायची वेळ आली, की बायका मला फोन करून विचारायच्या.

बाई मूळच्या मिरजेच्या. लग्न केलं नव्हतं, इस्पितळाच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या. काम पॅथॉलॉजिस्टचं. माणसाला न भेटता त्याची गाठ बघायची आणि ती कसली आहे ते सांगायचं. "मला माणसं तुकड्यातुकड्यांनीच भेटतात," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. एक दिवस डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, सुपारीएवढी मऊ गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. मग या बाईसाहेबांनी, म्हणजे मी, काय करावं? या वयात गालगुंड झालंय असं ठरवून आंबेहळदीचा लेप थापला आणि तसाच पिवळा गाल घेऊन हळदीकुंकवाला गेली! सगळ्याजणी म्हणाल्या, "काही नसेल हो, दुखत नाही ना!" मला तेच ऐकायचं होतं. थांबाबाईंनी मात्र ओल्या रुमालाने माझा गाल पुसला, दोन बोटांनी गाठ चाचपली आणि म्हणाल्या, "थांबा. उद्या इस्पितळात या."

सोनोग्राफीत कळलं की गाठ पोकळ आहे, आत पाणी आहे. मला केवढा आनंद! पाणीच तर आहे! बाईंनी तो आनंद फार वेळ टिकू दिला नाही. "गळ्यातल्या पोकळ गाठीत कधीकधी कॅन्सरही दडून बसतो. सुई घालून बघू." सुईने गढूळ पाणी निघालं, काचांवर पसरलं गेलं, आणि मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"लिम्फच्या पेशी भरपूर आहेत. थोड्या अस्तराच्या. वाईट काही दिसलं नाही."

"म्हणजे कॅन्सर नाही ना?"

"दिसला नाही, म्हटलं. नाही, असं म्हटलं नाही."

मी घरी येऊन यांच्यापुढे भांडी आपटली. "एक गोड शब्द बोलायला हिचं काय जातं?" हे म्हणाले, "बाई नाही, सिग्नल आहे. हिरवा झाल्याशिवाय सोडायची नाही."

मग रक्ताच्या तपासण्या. त्यात एक एड्सची. मी ताडकन उठले. "डॉक्टर, मी नाशिकच्या वैद्यांच्या घरातली सून! माझी ही तपासणी?" बाई शांतपणे म्हणाल्या, "लाळेच्या ग्रंथीत अशी गाठ दिसली की ती करायचीच असते. गाठीला तुमचं आडनाव माहीत नाही. आणि इकाम्याच्या, इथल्या राहण्याच्या परवान्याच्या वेळी तुमची ती झालीच होती, तेव्हा कोणी तुम्हाला विचारलं नव्हतं म्हणून कळलं नाही." मग डोळे कोरडे पडतात का, तोंडाला कोरड पडते का, असं बरंच विचारलं. म्हटलं, "कोरड कसली, जीभ तर सारखी वळवळतेय." त्या म्हणाल्या, "ते दिसतंय."

नक्की काय ते पूर्ण गाठ काढल्यावरच कळणार होतं. इजिप्शियन सर्जनने समजावलं की त्याच ग्रंथीतून चेहरा हलवणारी नस जाते, तिला धक्का लागला तर हसू वाकडं होऊ शकतं. झालं! कॅन्सर राहिला बाजूला, मी हसू धरून बसले. आरशासमोर हसण्याचा सराव केला, पंधरा प्रकारांनी हसून फोटो काढून घेतले. पैठणी कोणाला, नथ कोणाला, तेही ठरवून टाकलं. यांना बजावलं, "दुसरं लग्न खुशाल करा, पण राबिघच्या त्या तुमच्या मित्राच्या मेहुणीशी नाही. तिला पोळ्या येत नाहीत." हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "थांब जरा, रिपोर्ट येऊ दे." बघा, लागण यांनाही झाली होती.

ऑपरेशनच्या टेबलावर नेताना मात्र विनोद सुचेना. बाई ढकलगाडीबरोबर चालत होत्या. मी हात घट्ट धरून म्हटलं, "एकदा तरी म्हणा हो, काही नाही होणार." त्यांनी हात सोडला नाही. पण म्हणाल्या एवढंच, "मी आहे. बघितल्यावर सांगते."

शुद्धीवर आले तेव्हा ओठाचा डावा कोपरा लोंबत होता, चहा हनुवटीवरून गळत होता. आणि गाठीचे काप काचेवर चढायला, रंगायला दिवस लागतात. ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मग एका सकाळी बाई स्वतः मला हाताला धरून त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. निळ्या ठिपक्यांची दाट रांगोळी दिसली, आणि मधे एक नीटस किनार असलेली मोकळी जागा.

"ही तुमची गाठ. कॅन्सर नाही. लिम्फोएपिथेलियल सिस्ट. क्वचित दिसते. लाळेच्या ग्रंथीचे काही धागे लिम्फच्या गाठीत अडकून राहतात आणि पुढे त्यांची अशी पोकळी होते, असं म्हणतात. पक्कं कोणालाच माहीत नाही. पण कोणाचं वाईट करत नाही ती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता हसा."

मी हसले, वाकडी. रडलेही, तेही वाकडंच. त्या दिवशी 'अहो'चं 'अगं' झालं. ओठ सरळ होईपर्यंत दर शुक्रवारी ती घरी यायची. "गाल फुगव. शीळ घाल. पापड म्हण." माझ्या तोंडून 'फाफड' निघालं की खो खो हसायची. तिच्या तोंडून एकदा निघालेलं 'नाही' इतकं पक्कं होतं, की त्यानंतर मला कधी एका रात्रीचीही धास्ती वाटली नाही.

वर्षं गेली. हे गेले, मी रियाधला ओलायात मुलाकडे राहायला आले. नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात, मी त्यांना मराठीत रागावते. आणि मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"अगं, मला गळ्यात गाठ लागली आहे. खाली, हाडाजवळ. कडक."

जिभेवर आलेलं 'काही नसेल गं' मी गिळलं. म्हटलं, "थांबू."

"शाबास," ती म्हणाली.

स्वतःची काच स्वतः बघायची नाही, हा तिच्या खोलीतला नियम होता. तिच्या हाताखालच्या मुलीने बघितली आणि काच बाईंपुढे सरकवली. मग नियम मोडून तिने स्वतः बघितली. मला फोनवर म्हणाली, "तुझ्यासारखी नाही. फुफ्फुसातून आलेली आहे." आवाज तोच, माझा रिपोर्ट सांगतानाचा. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बघितली मी. नीट बघितली."

पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं मायदेशी परतायचा, शिक्का लागला. विमान रियाधहून होतं, म्हणून दोन दिवस माझ्याकडे राहिली. आमटीत मीठ कमी पडलं, तर तिने लगेच सांगितलं, भातापर्यंत थांबली नाही. निघताना विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसली होती, शाल पांघरून, पाखराएवढी. मी तिचे हात धरले, आणि या वेळी मी काहीच मागितलं नव्हतं. तरी तिने माझ्या कानाखालच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काही नाही होत गं. नवीन खजूर आले की येतेच मी परत."

तेव्हा मला सगळं कळलं. इतक्या वर्षांत न बघता बोललेली तिची ती पहिली गोष्ट होती. मी म्हटलं, "ये. हुफूफहून मागवून ठेवते."

मिरजेहून तिच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा झाडांवर खजूर अजून हिरवे होते. मोसम आला तेव्हा मी तरीही ते मागवले. परवा सून फ्रीजर आवरत होती. खजुरांचं ते खोकं हातात धरून म्हणाली, "आई, हे उघडू का?"

"थांब," मी म्हटलं.