आकडा कोणाला दिसावा

घरात दोन सॉफ्टवेअरवाले असले की एका ॲपवर एकमत होणं अवघड, हे मी लग्न झाल्या झाल्याच शिकले. नवरा कोड लिहितो. मी इथे जर्मनीत, एश्बॉर्नच्या एका कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं कुठे कोसळेल ते आधी शोधून काढायचं. मला भिण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. वाणसामानाच्या यादीपासून बँकेपर्यंत प्रत्येक ॲपवरून आम्ही भांडलोय, आणि त्यात मजाही यायची. लेकीला डायबेटिस निघाला आणि ती मजा संपली.

तिच्या दंडाला एक छोटासा सेन्सर चिकटवलेला असतो. तो तिची साखर किती आहे ते तिच्या फोनला कळवत राहतो, आणि तिथून ते आमच्या दोघांच्या फोनवर येतं. एक आकडा आणि शेजारी एक बाण. साखर फार उतरली तर मूल बेशुद्ध पडू शकतं, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शांतपणे सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्या बाणावर डोळा ठेवून असते. मी मीटिंगमध्ये असते, ट्रेनमध्ये असते, केस विंचरत असते, आणि माझा अंगठा आपोआप त्या ॲपवर जातो.

ॲप कोणतं, हाच वाद. मला सेन्सरच्या कंपनीचं ॲप हवं होतं. दिसायला अगदी बेचव, पण साखर धोक्याच्या खाली गेली की ते बोंबलतं आणि कोणालाही ते गप्प करता येत नाही. नवऱ्याला हवं होतं लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट वाटलेलं, आपलं आपण जुळवून फोनवर चढवायचं ॲप. त्यात आलेख होते, रंग होते, पुढे साखर कुठे जाईल याचा अंदाज होता.

"तुझं ॲप साखर पडल्यावर ओरडतं," तो म्हणायचा. "माझं पडायच्या आधी सांगतं."

"आणि अपडेटनंतर ते उघडलंच नाही तर?"

"मी आहे ना दुरुस्त करायला."

"तू असशील रे. पण ती शाळेत असेल."

खरं सांगायचं तर आम्ही दोघंही घाबरलेलो होतो. तो घाबरला की आलेख काढतो आणि मी घाबरले की आवाज चढवते, एवढाच फरक.

लेक सहावीत गेली आणि वर्गाची क्लासनफार्ट, म्हणजे मुक्कामाची सहल, ठरली. ताउनुसच्या डोंगरात, जंगलातल्या वसतिगृहात, आईबापांशिवाय दोन रात्री मुक्काम. जायच्या आधी एक ॲप पक्कं करायचं म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो, दोघंही आपापले मुद्दे तयार करून. नवऱ्याने लॅपटॉप आणला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग "आल्झो, तर मग," म्हणत खुर्ची लेकीकडे वळवली आणि तिला विचारलं, "फोन तुझा आहे. तुला काय हवं?"

मला हे सुचलंच नव्हतं. तिच्यासाठी इतकं भांडलो, पण तिला विचारायला आम्ही कधी थांबलोच नव्हतो.

लेक आमच्याशीही जर्मनमध्येच बोलते. जमिनीकडे बघत म्हणाली, "मला कुठलंही चालेल. फक्त या दोघांना आकडा दिसायला नको."

मग तीच पुढे म्हणाली, "आकडा उतरला की आई शाळेच्या ऑफिसात फोन करते. तास थांबतो, सगळे माझ्याकडे बघतात. तोवर मी ग्लुकोज खाल्लेलं असतं. बाबा अंदाज पाठवतो. आणि घरी गेले की दोघं त्यावरूनच भांडत असतात."

मला राग आला. आधी तिचा, मग डॉक्टरीणबाईंचा, मग स्वतःचा, या क्रमाने. पण ठरलं ते तिच्या मनासारखं. कंपनीचं ॲप, अलार्म चालूच राहणार. आकडा वर्गशिक्षिकेला दिसणार, त्यांनी याचं प्रशिक्षण घेतलं होतं. आम्हाला फक्त संध्याकाळी एक मेसेज. म्हणजे माझंच ॲप जिंकलं. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

ती बसमध्ये चढली, पाठमोरीच हात हलवला. त्या दिवसापासून माझ्या फोनवर आकड्याच्या जागी एक राखाडी रेघ होती. ती रेघ मी सारखी उघडून बघत होते. पहिल्या संध्याकाळी मेसेज आला, "सगळं ठीक." झोपेत साखर उतरली आणि तिला अलार्म ऐकूच आला नाही तर, हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. त्यानेही मला काही सांगितलं नाही, पण त्याने जेवण अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे घेऊन उभी असताना फोन वाजला. वर्गशिक्षिकेचा नंबर. ट्रे कुठे ठेवला ते आजही आठवत नाही.

"आई," पलीकडे लेक होती. "साखर उतरली होती. चढावर चालत होतो तेव्हा. अलार्मच्या आधीच मला कळलं. ज्यूस प्यायले, बसले. आता आकडा वर येतोय. बाई इथेच आहेत, त्यांनीच फोन लावून दिला." हे सगळं जर्मनमध्ये.

"शाब्बास," मी म्हटलं.

"तू घाबरलीस?"

"छे गं," मी सवयीने म्हटलं.

मग ती मराठीत, जपून एकेक शब्द शोधत म्हणाली, "मी घाबरले होते. मी नेहमी घाबरते. तुम्ही अजून घाबरता, म्हणून मी सांगत नाही."

मी भिंतीला टेकून खाली बसले. कँटीनमधले लोक बघत होते, बघू देत म्हटलं. "मीपण घाबरले होते," मी म्हणाले. "आत्ताही घाबरलेय."

"मग थोडा वेळ आकडा बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या फोनवरची राखाडी रेघ गेली आणि आकडा आला. शेजारी वर चढणारा बाण. त्याच क्षणी नवऱ्याचा मेसेज आला, "तुलाही दिसतंय?"

"दिसतंय," मी लिहिलं. ॲपबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आकडा हळूहळू वाढत गेला, आणि तो जिथे हवा होता तिथे पोचल्यावर परत राखाडी रेघ आली. आकडा दाखवणं तिने परत बंद केलं होतं. माझा अंगठा वर्गशिक्षिकेच्या नंबरावर गेला, तिथेच थांबला, आणि मग मी फोन पर्समध्ये टाकला.