दोन्ही बाजूंनी काप

वसमतच्या आमच्या वर्कशॉपमधलं जुनं मिलिंग मशीन काँप्युटरवर घ्यायचं ठरलं, ते दोन हजार तीन-चारच्या सुमारास. मी तिथे सुपरवायझर होतो. माझ्या यादीत चौदा कामं होती, तेरांवर खूण झाली होती. काम बांधलेलं टेबल फिरत्या कटरखालून सरकवणारा स्क्रू नवा बसला होता, मोटारही लागली होती. मोटारीला चालवणारं पॅनल तेवढं राहिलं होतं. इंजिनियर ते आणायला पुण्याला गेला होता.

नेमका तेव्हाच कुरुंद्याच्या गिऱ्हाइकाचा हळद पॉलिशचा ड्रम बंद पडला. ऐन हंगाम. ड्रमच्या नव्या शाफ्टला चाक अडकवायच्या चावीची खाच पाडून हवी होती, त्याच दिवशी. मिस्त्रीने नव्या स्क्रूच्या मोकळ्या टोकाला जुनं लोखंडी हँडल बोल्टने आवळलं आणि हाताने काम सुरू केलं. तांड्यावरून सायकलने येणारा हा माणूस त्या मशीनवर अठरा वर्षं होता.

लेथवाला ओरडला, “मिस्त्री, काँप्युटर येऊन राहिला. आता तुमी हवा खा.”

“येऊ दे. आदी तुझं लेथ उचलतेत, बघ.”

टेबल जाताना मिस्त्री कापायचा आणि येताना ते खाली घेऊन रिकामं आणायचा. दुपार झाली. गिऱ्हाईक दारात उभं राहून शिव्या देत होतं. मी वही उघडली. इंजिनियरने सांगितलेलं मीच लिहून घेतलं होतं: नव्या स्क्रूला ढिलाई नाही, दोन्ही बाजूंनी काप चालतो.

“मिस्त्री, येतानाही काप घ्या.”

“न्हाई साहेब. येताना कटर वढून घेतो. जुना स्क्रू टेबलाला दाबून धरायचा, हा लई हलका फिरतो. धरायला मी एकटाच हाय.”

“इंजिनियर सांगून गेलाय. हे बघा, लिहिलंय. काहून, हात कापायला लागले का आता?”

सगळे हसले. मिस्त्री माझ्याकडे न बघता वळला आणि हँडल उलटं फिरवलं.

कटरने शाफ्टमध्ये दात रोवले आणि ते जड टेबल हिसका मारून स्वतःकडे खेचलं. स्क्रू गरगरला. हँडल मिस्त्रीच्या मुठीतून सुटलं आणि फिरून मनगटावर बसलं, मग पुन्हा एकदा. कटर फुटला. त्याचा एक तुकडा भिंतीच्या पत्र्यातून आरपार गेला. मी धावत जाऊन स्विच पाडला.

मिस्त्रीचा पंजा मनगटापासून भलतीकडेच वळला होता. त्याने तो एकदा बघितला, आणि डाव्या मुठीने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी पडलो. त्याने बरगडीत लाथ घातली.

“लिवलंय व्हय? वहीत लिवलंय व्हय?” प्रत्येक लाथेला हेच. दोघांनी त्याला ओढून बाजूला केलं. माझे दोन दात गेले.

एकाच जीपने आम्ही नांदेडला गेलो. त्याचा हात फळीला बांधून माझ्या मांडीवर ठेवला होता, कारण धरायला दुसरं कोणी नव्हतं. तो वाटभर मला शिव्या देत होता आणि खड्डा आला की माझ्याच खांद्यात दात रुतवत होता.

दवाखान्यातून मी इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, “मोटारीला करंट असला तर ती स्क्रू धरते. करंट असेल तरच, असं सांगितलं होतं मी.” सांगितलं होतं. मी अर्धीच ओळ लिहून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मालकाने अपघाताचं रजिस्टर पुढे सरकवलं. “लिव, मिस्त्रीच्या निष्काळजीपणानं.” असं लिहिलं की मिस्त्री कामावरून जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी लिहिलं: मिस्त्रीने नकार दिला होता, काप मी घ्यायला लावला. मालकाने वाचलं आणि रजिस्टर माझ्या तोंडावर फेकलं. सुजलेला ओठ पुन्हा फुटला. पण ते पान त्याने फाडलं नाही, आणि मिस्त्रीला काढलंही नाही.

मनगट जुळलं, पण वळत नाही. आता तो तेच मशीन पॅनलवर चालवतो, बटनं दाबायला मनगट वळावं लागत नाही. मिस्त्री माझ्याशी कामापुरतं बोलतो. पाळी संपली की तो मशीन बंद करायच्या लाल बटनावर मूठ हाणतो, अख्खं पॅनल हादरतं. काही महिन्यांनी बटन तडकतं. मी खरेदीच्या यादीत नवं बटन लिहितो आणि कारणाच्या रकान्यात झीज लिहितो. हळू दाब, असं त्याला कोणी सांगत नाही. मी तर नाहीच.