मामांची जनावरं

गटारावर माणसाने इतकं प्रेम करू नये, निदान मामांइतकं तरी करू नये. मामा महापालिकेच्या ड्रेनेज खात्यातले, नात्याने कुणाचेच नाहीत, पण सगळ्यांचे मामा. कारखान्यांच्या चेंबरमधून सांडपाण्याचे नमुने नेणारे. सोनईकडच्या शेतकरी घरातला माणूस, त्यामुळे पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातल्या जीवाणूंना ते सरळ 'जनावरं' म्हणत. घाण खाऊन पाणी साफ करणारी ही जनावरं कारखान्याच्या ॲसिडने मरतात, हे ते गोठ्यातली गाय गेल्यासारखं सांगायचे. दिवाळीत कारखाने बंद असले की "खुशीत हायेत गडी" अशी बातमी फोन करून द्यायचे. चेंबरचं झाकण उघडलं की आधी डोळे मिटून वास घ्यायचे, लग्नातल्या आचाऱ्यासारखे. रस्त्यापलीकडच्या कापड रंगवणाऱ्याने आज कोणता रंग काढलाय, तेही एकदा त्यांनी वासावरून सांगितलं होतं.

त्यांचा एकच दोष, तोही संस्कारांचा. न सांगता कुणाच्या दारात जायचं नाही. नमुना घ्यायला यायच्या आदल्या दिवशी "उद्या येतो, हाय ना तुमी?" असा फोन यायचाच. माझा नागापूरला प्लेटिंगचा, म्हणजे लोखंडी भागांना मुलामा द्यायचा, छोटा कारखाना. फोन आला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी बोअरच्या स्वच्छ पाण्याचे दोन नळ चेंबरात सोडून ठेवायचो. हे लिहिताना आज कान तापतात. तेव्हा मी स्वतःला हुशार समजत होतो. मामा बाटली उन्हात धरून आजूबाजूच्यांना दाखवायचे, "बघा, ह्या सायबांचं पानी बघा." मी वर लाजल्यासारखं करायचो.

मग एक दिवस केंद्रातली जनावरं मेली. टाक्यांवर फेस, शहरभर वास. तुमच्या नमुन्यांत काहीच कसं सापडलं नाही, म्हणून नोटीस आली ती मामांना. ते माझ्याकडे येऊन बसले. "तुमचं पानी तर चोख हाय. तुमीच सांगा, कुनी केलं आसंल?" मी पलीकडच्या रंगवाल्याकडे बोट दाखवलं. मामा त्याच्याशी कडाकडा भांडले. त्याच्याकडे काही सापडलं नाही, त्याने तक्रार केली, आणि मामांचं नमुन्यांचं काम काढून घेऊन त्यांना जन्म-मृत्यू नोंदीच्या टेबलावर बसवलं.

पुढे मी कारखान्यात पाणी शुद्ध करायची टाकी बसवली, खरीखुरी. पण मामांना भेटायला काही गेलो नाही. वडील गेल्यावर दाखला काढायला जावं लागलं, तर खिडकीत मामाच. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "हे आपले सायब. लई सरळ मानूस." मला ते सोसवेना.

"मामा, तेव्हाचं ते पाणी माझं होतं," मी म्हणालो. "तुम्ही येणार त्या दिवशी मी बोअरचं सोडायचो."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी आदी फोन करायचो, म्हनून?"

"हो."

त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला. मग दाखला माझ्यापुढे सरकवला. "वडलांचं नाव बराबर हाय का, बघून घ्या," म्हणाले, आणि मागच्या माणसाला त्यांनी पुढे बोलावलं. मी बाजूला झालो. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण मामांना तेवढ्याच येत नाहीत.