यंदाचा एमआरआय

तीन वर्षांपूर्वी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता डोक्यात एकदम जीवघेणी कळ आली आणि मी खाली कोसळले. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला होता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी पार डोक्यापर्यंत नेली आणि त्या फुग्यात प्लॅटिनमची तार गुंडाळून भरली. मी वाचले. तेव्हापासून दरवर्षी एमआरआय करायचा आणि फुग्यात पुन्हा रक्त शिरतंय का ते बघायचं.

यंदा ऐन कापूसवेचणीत तारीख आली, नवऱ्याला निघता येईना. सासूबाई म्हणाल्या, "मी जाते संगं. कावून, मला बस म्हाईत न्हाई का?"

तलवाड्याहून गेवराई, तिथून हायवेची बस. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. धुक्यात पांढरी शेतं तरंगत मागं जात होती. झोप आणि जाग यांच्या मधेच कुठंतरी संभाजीनगर आलं.

दवाखान्यात मशीनच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढायचा होता. बांगड्या, कानातलं, जोडवी निघाली. गळ्यातली मंगळसूत्राची पोत काढताना मात्र हात अडखळला.

"आण हिकडं," म्हणत सासूबाईंनी ओंजळ पुढं केली.

मशीनवरच्या मुलीनं माझं ऑपरेशनचं कार्ड वाचलं. "या तारेला काही होत नाही, ताई. फक्त हलू नका." तिनं कानात बोळे घातले, डोक्यावर जाळी बसवली, हातात रबरी चेंडू दिला. घाबरले तर तो दाबायचा.

मग ठकठक सुरू झाली. पहिल्या वर्षी मी चेंडू दाबून रडत बाहेर आले होते. यंदा डोळे मिटले आणि आवाज हळूहळू लांब गेला. माहेर गोदावरीकाठी. लहानपणी उथळ पाण्यात उताणी पडले की कान बुडायचे, आणि पलीकडच्या काठावरचे वाळूचे ट्रॅक्टर पाण्याखालून ऐकू यायचे. तसंच वाटत होतं. पाठीखालची वाळू सरकतेय, आई काठावरून हाक मारतेय, मला मात्र उठावंसं वाटत नाही. कुणीतरी जाळी काढली तेव्हा मी ओली का नाही, हेच क्षणभर कळेना.

बाहेर सासूबाई बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. पदराआडून काळे मणी दिसत होते. माझी पोत त्यांच्या गळ्यात होती. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्या गळ्यात मी कधी साधी माळही पाहिली नव्हती.

चाहूल लागताच त्यांचा हात गळ्याशी गेला. "मुठीत घाम यायला लागला. म्हनलं, हरवंल."

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हणाले.

"येडी का काय!" त्यांनी पोत काढून माझ्या गळ्यात घातली. फासा लावून दोनदा ओढून बघितला.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. काळ्या अंधारात पांढऱ्या बारीक वाटा फुटलेल्या. सासूबाई अगदी जवळ जाऊन बघायला लागल्या. "हे समदं हिच्या डोक्यात हाय? आन् तरी च्यात साखर इसरती."

डॉक्टर हसले. फुग्याच्या तोंडाशी किंचित रक्त शिरतंय, पण गेल्या वर्षी होतं तेवढंच, वाढलेलं नाही, तार जागेवर आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी परत यायचं.

गेवराईला नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता. अंगाला कापूस चिकटलेला. त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं आणि आईला विचारलं, "काय म्हनले?"

"हाय तसंच हाय."

त्यानं मोठा श्वास सोडला. आम्ही तिघं त्या एका गाडीवर बसलो. मी मधे होते, दोन्हीकडून ऊब येत होती. ऊन कलंडलं होतं. तलवाड्यापर्यंत त्यानं गाडी एवढी हळू चालवली की बैलगाडीवालासुद्धा हसत पुढं निघून गेला.